पिवळा पडलेला भुईमूग आणि मक्याशेजारच्या हिरव्या ओळी

हे प्रकरण लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. शेतमालकाचं नाव, जागा वगैरे काही टाकत नाहीये, नुसतं दादा म्हणते, नात्याने मोठे आहेत आणि मी त्यांना तेच म्हणते. मी मातीच्या विषयात शिकलेली, पण या प्लॉटने मला जे दाखवलं ते वर्गात इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. लोहाची कमतरता म्हटलं की आपण सरळ 'लोह द्या' म्हणतो, पण मातीत लोह खच्चून भरलेलं असतं, अडतं ते मुळाला चिकटलेल्या एक-दोन मिलिमीटर मातीत. ते तिथे कसं अडलं आणि आम्ही काय काय केलं, काय चुकलं, ते सगळं खाली.

पार्श्वभूमी

साधारण दोन एकरांचा प्लॉट. जमीन चुनखडीची, नांगरट झाली की पांढरे खडे वर दिसतात, त्या मातीवर साधं व्हिनेगर टाकलं तरी फसफसतं. विहिरीचं पाणी जड, पाइपच्या तोंडाशी पांढरा थर साचलेला. हे दोन्ही दादांना माहीत होतं, पण इतक्या वर्षांत 'आपली जमीन अशीच' म्हणून सोडून दिलेलं.

आधीची दोन वर्षं या प्लॉटमध्ये कोबी होता. कोबीला डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, भरपूर पडलं, दर वेळी पडलं, आणि मधे माती परीक्षण काही झालं नाही. मग एकदा खोल नांगरट करून जमीन काही महिने रिकामी ठेवली आणि त्यावर भुईमूग पेरला. आता ही जी साखळी आहे ना, कोबी, भरपूर स्फुरद, खोल नांगरट, रिकामी जमीन, ती वाचून मायकोरायझा या बुरशीवर काम करणारा कुणीही कपाळाला हात लावेल. कारण बहुतेक झाडांच्या मुळांत ही बुरशी राहते, तिचे तंतू मुळापासून कित्येक सेंटिमीटर लांब जाऊन स्फुरद आणि जस्त आणून देतात आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. पण कोबी-मोहरीच्या कुळातली पिकं तिला घरातच घेत नाहीत. म्हणजे दोन वर्षं तिला यजमान नाही, मातीत स्फुरद जास्त म्हणून झाडालाही तिची गरज कमी, आणि उरलेलं तंतूंचं जाळं नांगराने तोडलं. आणि त्यावर पेरला काय तर भुईमूग, ज्याच्या मुळाला इतर पिकांसारखे भरपूर केसच नसतात, फक्त उपमुळं फुटतात तिथे थोडे झुपके. असं मूळ बुरशीवर जास्त अवलंबून असतं.

बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे मुळावर नत्राच्या गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट लावलं होतं, पण ते बुरशीनाशकाच्या पावडरीबरोबर एकाच घमेल्यात कालवून. याकडे नंतर येते.

अजून एक गोष्ट, जी तेव्हा कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. प्लॉटच्या एका कडेला लागून मका होता, भुईमुगाच्या दोन-एक आठवडे आधी पेरलेला, मधे बांध नाही, फक्त एक सरी.

अडचण

पेरणीनंतर साधारण चौथ्या आठवड्यात शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. आधी पान पिवळं आणि शिरा हिरव्या, मग शिरासुद्धा फिक्या, आणि सखल भागात तर नवी पानं जवळजवळ कागदासारखी पांढरी. याला केवडा पडला म्हणतात. दादांनी पिवळं बघितलं आणि युरिया टाकला, वर पाणी भरपूर दिलं. आठवड्याने मला फोन.

"अगं, युरिया देऊन आठ दिवस झाले, उलट जास्तच पिवळं पडलंय. माल खराब होता की काय?"

"दादा, पिवळी कुठली पानं आहेत, वरची की खालची?"

"वरची. खालची बरी हिरवी आहेत."

या एका उत्तराने अर्धं काम झालं होतं. नत्र झाडात फिरू शकतं, कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून नत्र कमी असलं की खालची पानं आधी पिवळी होतात. लोह तसं हलत नाही, जिथे गेलं तिथे बसतं, म्हणून नवं पान उपाशी राहतं आणि जुनं हिरवं दिसतं. मी फोनवरच सांगितलं की युरिया अजून टाकू नका, पाणी बंद करा, मी येते. पाणी बंद करा हे त्यांना पटलं नाही, पिवळ्या पिकाला पाणी तोडायचं म्हणजे काय. तरी त्यांनी ऐकलं.

पहिला निर्णय: फवारायचं की आधी खणायचं

मी पोचले तेव्हा पंप भरायची तयारी झालेली. सगळी सूक्ष्म अन्नद्रव्यं एकत्र असलेलं मिश्रण, त्यात एक बुरशीनाशक, 'काही ना काही लागू पडेल' या हिशोबाने. मला हे समजतं, उभं पीक डोळ्यांसमोर पिवळं पडत असताना हात बांधून बसणं कठीण असतं. पण सगळं एकदम मारलं की पीक सुधारलं तरी कशाने ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात परत तिथेच. मी एक दिवस मागितला.

त्या दिवसात तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे नुसतं शेतातून चालत फिरलो, आणि तेव्हा मक्याच्या कडेला दोघंही थांबलो. मक्याला लागून असलेल्या तीन ओळी गडद हिरव्या, चौथी मधलीच, पाचवीपासून पिवळं. तेच बियाणं, तीच तारीख, तेच खत. दादा म्हणाले, "हे मी रोज बघतोय, मला वाटलं सावलीमुळे." मला खरं सांगायचं तर तिथे अंगावर काटा आला, कारण मका-भुईमुगाची ही गोष्ट मी वाचलेली होती आणि ती समोर उभी होती.

दुसरी गोष्ट, मुळं बघितली. उपटून नाही हां, उपटलं की बारीक मुळं आणि गाठी मातीतच तुटून राहतात. फावड्याने मातीचा गोळा काढला, बादलीत अर्धा तास भिजवला आणि हळू हळू धुतला. पिवळ्या भागातून तीन झाडं आणि मक्याच्या कडेची तीन. पिवळ्या झाडांवर गाठी कमी, बारीक, नखाने कापल्या तर आतून पांढरट. कडेच्या झाडांवर गाठी ठसठशीत आणि आतून गुलाबी. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, आणि त्यात लोह लागतं. नत्र स्थिर करणारं एन्झाइमही लोहाशिवाय बनत नाही. म्हणजे लोह कमी पडलं की गाठ कमजोर, गाठ कमजोर की नत्रही कमी. दादांचा नत्राचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता, पण ते टोक होतं, मूळ नव्हतं. आणि युरिया घातल्यावर गाठी अजून मागे पडतात, कारण मातीत नायट्रेट आयतं मिळालं की शेंगवर्गीय झाड गाठींवर साखर खर्च करणं कमी करतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात आवडणारी. अर्धा टक्का हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, पाणी केलं, त्यात जरा सायट्रिक ॲसिड, आणि दहा-बारा फांद्यांना लाल दोरा बांधून तेवढ्याच पानांना ब्रशने लावलं. काही पानांना अर्ध्याच भागाला लावलं. पिवळेपणा गंधकाचा असता तर शिरांसकट सगळं पान सारखं फिकं दिसलं असतं, मॅंगनीजचा असता तर शिरा हिरव्या दिसल्या असत्या पण हिराकशीने फरक पडला नसता, आणि विषाणू असता तर पिवळेपणा असा पाण्याच्या उतारानुसार पसरला नसता.

माती प्रयोगशाळेत पाठवली ती त्याच दिवशी, हिरव्या भागातली वेगळी आणि पिवळ्यातली वेगळी.

मुळापाशी काय चाललं होतं

इथे जरा थांबते, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत.

लॉरेन्झ हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मुळाभोवतीच्या मातीला रायझोस्फिअर हे नाव दिलं. मुळातून साखरी, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं सतत पाझरतात, त्यामुळे तिथे जिवाणूंची गर्दी बाजूच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि तिथला पीएचसुद्धा वेगळा असतो, कधी कधी दोन अंकांपर्यंत. आम्हाला कॉलेजात हे आगारमध्ये रंग घालून दाखवलं होतं. रोपाचं मूळ त्या जेलीवर ठेवायचं. अमोनियम दिलेल्या मुळाभोवती जेली पिवळी होते म्हणजे आम्ल, नायट्रेट दिलेल्या मुळाभोवती जांभळी म्हणजे अल्कली. झाड अमोनियम घेताना बाहेर हायड्रोजन आयन सोडतं आणि नायट्रेट घेताना उलटं होतं, बायकार्बोनेट बाहेर येतं. नत्र तेच, पण कुठल्या रूपात दिलं त्यावर मुळाची गल्ली आम्ल की अल्कली ते ठरतं.

आता लोह. पृथ्वीच्या कवचात हे चौथ्या नंबरचं मूलद्रव्य आहे, मातीत टक्क्यांमध्ये असतं. पण हवा खेळत्या जमिनीत ते गंजाच्या रूपात असतं आणि पीएच एका अंकाने वाढला की त्याची विद्राव्यता साधारण हजार पटीने घटते. आठच्या वर पीएच म्हणजे झाडाच्या दृष्टीने लोह कुलपातच.

हे कुलूप उघडायच्या झाडांच्या दोन पद्धती आहेत. भुईमुगासारखी द्विदल झाडं मुळातून आम्ल सोडतात, कॅफेइक ॲसिडसारखे फिनॉल सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर फेरिक, म्हणजे गंजातल्या, लोहाचं विरघळणारं फेरस करून आत घेतात. गवतवर्गातली पिकं, मका, गहू, जव, ती वेगळंच करतात. ती म्युजिनिक ॲसिडच्या घराण्यातली संयुगं सोडतात, फायटोसिडेरोफोर म्हणतात त्यांना, ती फेरिक लोहाला चिमट्यात धरतात आणि झाड तो चिमटा लोहासकट आत ओढतं. ताकागी या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे उजेडात आणलं. याची मजा अशी की ही पद्धत जास्त पीएचमध्येही चालते.

भुईमुगाची पद्धत चुनखडीत कुठे मार खाते तर बायकार्बोनेटमध्ये. झाड बिचारं आम्ल सोडत राहतं आणि मातीतलं बायकार्बोनेट ते गिळत राहतं. आणि पाणी साचलं की मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडत नाही, तो चुन्याशी मिळून अजून बायकार्बोनेट बनवतो. म्हणून सखल भाग जास्त पांढरा. म्हणून पाणी तोडा म्हटलं. युरियानेही सुरुवातीला हेच केलं, युरियाचं विघटन होऊन अमोनियम होताना आजूबाजूचा पीएच वर जातो आणि बायकार्बोनेट तयार होतं, आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे घेताना मूळ परत बायकार्बोनेट सोडतं. आधीही अल्कली, नंतरही अल्कली. दादांनी प्रेमाने जे दोन उपाय केले, युरिया आणि पाणी, ते दोन्ही नेमके त्या मिलिमीटरभर जागेत उलटे पडले.

मक्याशेजारी काय झालं? मक्याच्या मुळांनी चिमटे सोडले, भुईमुगाची मुळं त्याच मातीत गुंतलेली, सैल झालेल्या लोहाचा वाटा त्यांनाही मिळाला. मका-भुईमूग एकत्र घेतल्यावर चुनखडीत भुईमूग हिरवा राहतो हे संशोधनातही दिसलेलं आहे. पण दादांनी एक प्रश्न विचारला जो मला सुचायला हवा होता: "मका पाणी पण ओढतो ना गं, मग तिथली जमीन कोरडी म्हणून हिरवं असेल." अगदी बरोबर. कोरडी जमीन म्हणजे बायकार्बोनेट कमी. दोन्ही कारणं एकाच दिशेने ढकलतात आणि एका कडेकडे बघून ती वेगळी करता येत नाहीत. हा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला.

पर्याय

लाल दोऱ्याची पानं पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवी दिसायला लागली. अर्ध्या रंगवलेल्या पानांचा तर अर्धाच भाग हिरवा, बघणाऱ्याला सांगायची गरजच नाही. मातीचा रिपोर्टही आला: पीएच ८.३, उपलब्ध स्फुरद खूप जास्त, डीटीपीए पद्धतीने लोह ४.५ पीपीएमच्या नेहमीच्या मर्यादेखाली. गंमत बघा, हिरव्या आणि पिवळ्या भागाच्या रिपोर्टमध्ये सांगण्यासारखा फरकच नव्हता. नमुना म्हणजे फावडाभर माती, आणि घडामोड मुळाला चिकटलेल्या पापुद्र्यात, ती अशा नमुन्यात विरून जाते.

मग बसून एकेक पर्याय काढला.

जमिनीतून हिराकस: दादांचा कल इकडे होता, आणलेली होती. पण फेरस लोह अशा जमिनीत पडलं की थोड्याच वेळात गंज होऊन परत कुलपात. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून दिलं तर काही भाग टिकतो.

चिलेट, म्हणजे लोहाला चिमट्यासारखं धरून ठेवणारं संयुग: इथे लोक फार फसतात. ईडीटीए वालं चिलेट या पीएचला टिकत नाही, चुन्यातलं कॅल्शियम लोहाला ढकलून त्याची जागा घेतं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत. ईडीडीएचए मात्र नऊपर्यंत लोह धरून ठेवतं, पण महाग, सगळ्या प्लॉटला घालणं झेपणारं नाही.

गंधक घालून पीएच खाली आणायचा: थायोबॅसिलससारखे जिवाणू गंधकाचं आम्ल करतात हे खरं. पण हिशोब करा. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २० लाख किलो, त्यात एकच टक्का मोकळा चुना धरला तरी २० टन चुना, तो संपवायला सहा टनांवर गंधक लागतं. आणि इथे चुना एक टक्क्यापेक्षा नक्कीच जास्त. सगळ्या जमिनीचा पीएच बदलायचा नाद सोडायचा, मुळाच्या ओळीतला बदलता आला तरी पुरे.

जिवाणू आणि बुरशीची पाकिटं: दुकानदाराने तीन सुचवली होती. सुडोमोनास जिवाणूही स्वतःचे चिमटे सोडतात हे खरं आहे, पण ते आधी स्वतःसाठी सोडतात, झाडाला त्यातून किती मिळेल ते जमिनीवर आणि तिथे आधीच राहणाऱ्या जिवाणूंवर. मायकोरायझा उभ्या पिकात वरून टाकून, तेही इतक्या जास्त स्फुरदात, मुळं तिला आत घेण्याची शक्यता कमी. रायझोबियमची वेळ पेरणीची. मी म्हटलं या हंगामात पाकिटं नकोत.

फवारणी: लवकर लागू पडते, पण फवारलेलं पानच हिरवं होतं, पुढचं पान परत पिवळं येऊ शकतं. म्हणजे हे औषध नाही, वेळ विकत घेणं आहे.

काय केलं

पाणी थांबवलं ते वाफसा येईपर्यंत. सखल भागातून एक चर काढून साचलेलं पाणी बाहेर. आऱ्या (शेंगा धरायला जमिनीत जाणारे दांडे) सुटायच्या आधी एक हलकी कोळपणी, पापडी फुटून हवा आत जावी म्हणून. हिराकस अर्धा टक्का आणि सायट्रिक ॲसिड ०.१ टक्का, संध्याकाळी, ताजं पाणी करून, कारण ठेवलेलं द्रावण तांबूस पडतं आणि मग उपयोग नाही. ईडीडीएचए फक्त सखल तुकड्यात, मुळाशी ओतून. आणि मधल्या दोन ओळी काहीही न फवारता सोडल्या.

या दोन ओळींवरून आमचं खरं भांडण झालं. दादांचं म्हणणं, औषध हातात असताना दोन ओळी मरू द्यायच्या हे कसलं शास्त्र. मी म्हटलं त्या दोन ओळी नसतील तर हिरवं फवारणीने झालं की पाणी तोडल्याने, हे आपल्याला आयुष्यात कळणार नाही. शेवटी तयार झाले, पण रोज त्या ओळींकडे बघून त्यांचा जीव तुटायचा हे मला दिसत होतं.

जमिनीतून हिराकशीचाही त्यांच्या समाधानासाठी छोटा तुकडा केला, अर्ध्यात नुसती, अर्ध्यात शेणखतात मुरवलेली.

दुसरा निर्णय: हिरवं झाल्यावर थांबायचं का

आठ-दहा दिवसांत शेत हिरवं झालं, दादांचा सूर बदलला, दुसरी फवारणी त्यांनी परस्पर रद्द केली. मला कळलं तेव्हा शेंड्याला नवी दोन पानं परत फिकी आलेली होती. म्हणजे पानात लोह गेलं होतं, मुळापाशी परिस्थिती अजून सुधारली नव्हती. यात माझी चूक जास्त, फवारणी दोन वेळा हे सांगितलं पण दोन वेळा का हे नीट सांगितलं नव्हतं. मग दुसरी फवारणी झाली, चार दिवस उशिराने.

परिणाम

न फवारलेल्या दोन ओळींनी सगळ्यात जास्त शिकवलं. त्या हळूहळू, तीन-साडेतीन आठवड्यांत, आपोआप बऱ्याच हिरव्या झाल्या. पूर्ण नाही, पण ओळखू येईल इतक्या. म्हणजे पाणी आणि हवा याचा वाटा मोठा होता, फवारणीने फक्त मधले आठवडे वाचवले, आणि फुलोरा त्याच आठवड्यांत असल्यामुळे ते वाचवणं लाखमोलाचं ठरलं. त्या ओळींना शेंगा शेजारच्यांपेक्षा कमी लागल्या.

नुसत्या हिराकशीचा तुकडा आजूबाजूपेक्षा जराही वेगळा दिसला नाही. शेणखतात मुरवलेला उशिरा पण हिरवा झाला. सखल तुकडा शेवटपर्यंत मागे राहिला, चिलेट घालूनही, तिथे मुळंच गुदमरलेली होती आणि ते नुकसान भरून निघालं नाही. महिन्याने परत गाठी कापल्या तेव्हा फवारलेल्या भागात गुलाबी होत्या, ते बघून दादा लहान मुलासारखे एकेक गाठ कापत बसले होते.

पुढच्या हंगामात प्लॉटचे दोन भाग केले. एका भागात चार ओळी भुईमूग आणि दोन ओळी मका असं आलटून पालटून, दुसऱ्यात नुसता भुईमूग. डीएपी पूर्ण बंद, जमिनीत स्फुरद आहेच. सुरुवातीचं थोडं नत्र अमोनियम सल्फेटमधून, म्हणजे मुळाची ओळ आम्लाकडे झुकते. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग वेगळ्या वेळी, अगदी पेरणीच्या तोंडावर, सावलीत रायझोबियम, तेही त्या बुरशीनाशकाबरोबर चालतं का हे पाकिटावर बघून. मक्याच्या पट्ट्यांत केवडा जवळपास दिसला नाही, नुसत्या भुईमुगात थोडा आला आणि एका फवारणीत आवरला. पण फुकट काही नव्हतं, मक्याने जागा घेतली आणि उंच झाल्यावर सावली केली, त्याला लागलेल्या ओळींची झाडं लांबट झाली आणि शेंगा जरा कमी. पाने हिरवी म्हणजे शेंगा जास्त असं सरळ गणित निघालं नाही.

परत करायचं असेल तर

मी पाण्याची तपासणी पहिल्याच दिवशी केली असती, ती खूप उशिरा झाली आणि बायकार्बोनेट अपेक्षेइतकंच जास्त निघालं. दर पाण्याला आपण तेच ओतत होतो. कोबीनंतर जमीन रिकामी न ठेवता मका किंवा दुसरं बुरशीला घरात घेणारं पीक आधी घ्यायला सांगितलं असतं, आणि नांगर उथळ ठेवायला. मुळं पिवळेपणा दिसल्यावर नाही तर पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यातच खणून बघितली असती, गाठी तेव्हाच बोलायला लागतात. आणि कडेच्या त्या हिरव्या ओळी दादांनी पहिल्या आठवड्यातच बघितल्या होत्या, 'शेतात कुठे पिवळं नाहीये?' हा प्रश्न मी फोनवरच विचारायला हवा होता.

दादांचा पाण्याचा प्रश्न अजून वहीत आहे. मक्याने लोह सैल केलं की फक्त जमीन कोरडी ठेवली? म्हणून या हंगामात एका कडेला मका आणि समोरच्या कडेला ज्वारी लावलीये. ज्वारी हे चिमटे मक्यापेक्षा कमी सोडते, चुनखडीत ती स्वतःच पिवळी पडते कधी कधी, पण पाणी ओढायला काही कमी नाही. तिच्याशेजारी हिरव्या ओळी कमी निघाल्या तर चिमट्यांचं पारडं जड. दोन्हीकडे सारख्याच निघाल्या तर दादा बरोबर. त्यांनी आत्तापासूनच दोन्ही कडांना ओळी मोजायला खुंट्या मारून ठेवल्यात.